बारा नंबरचं माप

नवा नमुना शिवून झाला की कटिंग मास्तर मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवून हाक मारायचे, "बारा नंबर!" काज-बटणाच्या रांगेतून एक बाई उठायची, हातातली सुई बाहीत खोचायची, पडद्यामागे जाऊन नमुना अंगात घालायची आणि मास्तरांच्या टेबलाजवळच्या लाकडी स्टुलावर चढून उभी राहायची. बाईचं वय चौतीस. अंगावर बारा वर्षांच्या मुलीचा फ्रॉक.

कारखाना मुलांच्या कपड्यांचा होता. फ्रॉक, बिनबाह्यांचे पिनाफोर, शाळांचे गणवेश. मास्तरांचं म्हणणं असं की लहान पोरांचं माप सोपं, कारण पोर म्हणजे नुसतं पोट. मोठ्यांचंही सोपं, कारण तिथे चुकलं तरी माणूस ढेरी आत ओढून वेळ निभावतो. खरी कसोटी बाराची. ते वय ना धड इकडचं ना धड तिकडचं, आणि त्या वयाची पोर स्टुलावर घटकाभर उभी राहायचं नाव काढत नाही. ही बाई एकोणिसाव्या वर्षी धागे कापायला म्हणून कामाला लागली. मास्तरांनी सहज एक फ्रॉक तिच्यावर घालून पाहिला, तो असा बसला की त्यांनी टेप गळ्यातून काढून टेबलावर ठेवली. तेव्हापासून बाराचा कागदी साचा तिच्या अंगावर पारखल्याशिवाय कापडाला कात्री लागत नसे. दहाचा साचा त्याच्यातून आत घेऊन निघायचा, चौदाचा बाहेर सोडून. म्हणजे एका परीनं सगळा कारखाना तिच्या अंगावरून कापला जात होता. "टेप ताणली जाते, अंग ताणलं जात नाही," मास्तर म्हणायचे.

बाहेरच्या जगात ती अर्ध्या तिकिटाची होती. बसचा कंडक्टर तिच्या डोक्यावर टपली मारून पुढे सरकायचा. बँकेत खिडकीमागचा माणूस विचारायचा, बाळ, मोठं कुणी आलंय का बरोबर? दुकानदार सुट्टे नाहीत म्हणून हातावर गोळी ठेवायचा. पहिली काही वर्षं ती वय सांगायची. मग लोक हसतात, निरखून पाहतात आणि नंतर जास्तच गोड बोलतात, हे लक्षात आल्यावर तिनं सांगणं सोडलं आणि गोळ्या खायला लागली. डाव्या कानानं तिला जवळजवळ ऐकू येत नसे. लहानपणी तो सारखा वाहायचा. चारचौघींच्या गप्पांत दोन वाक्यं निसटली की तिसऱ्यावर हसायचं कसं हे कळत नाही, म्हणून ती जेवायच्या सुट्टीत कडेला बसायची. स्टुलावर मात्र ती उजवा कान मास्तरांकडे करून उभी राहायची आणि विचारल्यावर सांगायची: मुंढा काखेत काचतोय, गळा मागे ओढतोय. तिच्या शब्दावर मालकीणबाईसुद्धा थांबायच्या. स्टुलावर चढली की तिची आणि मास्तरांची नजर सारख्या उंचीवर यायची. तेवढी एकच जागा होती तशी.

घरी आई, दादा आणि वहिनी. इमारतीत जिन्याच्या तळाशी सगळ्यांच्या कचऱ्याचा एकच डबा होता आणि डब्यासमोरच खालच्या मजल्यावरच्या काकूंचं दार. कुणाकडे पाहुणे आले, कुणी काय फोडलं, कुणाकडे औषधं वाढली, हे काकूंना डब्यावरून कळायचं, आणि काकूंना कळलं की इमारतीला कळायचं. आईनं यावर फार पूर्वीच तोड काढली होती. महिन्यातून एकदा ती दुकानातून सॅनिटरी पॅडचं पाकीट आणायची, ते फोडायची, आतला माल कपाटात ठेवायची आणि रिकामं वेष्टण पातळ पांढऱ्या पिशवीत, रंग दिसेल असं, डब्यात सगळ्यात वर ठेवून यायची. दादाचं लग्न झाल्यावर आतला माल वहिनीच्या कामी यायला लागला. वहिनी एकदा म्हणाली होती, "सासूबाई, या घरात महिना माझा आणि पाकिटाचा मान वन्संचा." आईनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं होतं.

मुलीला पाळी कधीच आली नव्हती. आई सांगायची, आपल्याकडे उशिरानं वाढतात मुली. विशीपर्यंत हे चाललं. पंचविशीत लग्नाचं बोलायला दोघं-तिघं येऊन गेले. त्यातल्या एका गृहस्थांनी चहाचा ट्रे घेऊन आलेल्या तिच्याकडे पाहून कौतुकानं विचारलं, "आणि ताई कुठंय तुझी?" त्यानंतर आईनं तो विषय काढला नाही.

हे सगळं असंच पुढे रेटलं गेलं असतं. पण एका सकाळी कापडाचा तागा फळीवरून उतरवताना तिचं मनगट मोडलं. तागा जड नव्हता, ती पडलीही नव्हती. नुसता काटकीसारखा आवाज झाला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी हाताचा फोटो पाहिला आणि मग हात सोडून तिच्याकडेच बघत राहिल्या. केस मागे घ्या म्हणाल्या, मान पाहिली, कोपर सरळ करायला लावलं, कानाची चौकशी केली, पाळीची केली. बऱ्याच वर्षांत तिला इतक्या वेळा कुणी अहो-जाहो केलं नव्हतं. रक्ताची तपासणी झाली, छातीवर थंड मलम लावून हृदयाची सोनोग्राफी झाली. तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी तिला खुर्चीत बसवून सगळं सांगितलं.

बाईच्या पेशीत एक्स गुणसूत्रं दोन असतात. तिच्यात एकच होतं, जन्माच्या आधीपासून. त्याला टर्नर सिंड्रोम म्हणतात. कुणाच्या खाण्यापिण्यानं किंवा वागण्यानं ते होत नाही. उंची त्यामुळे, कान त्यामुळे. बीजकोशांनी काम केलं नाही म्हणून पाळी नाही, आणि त्यांच्याकडून जे हार्मोन मिळायचं ते न मिळाल्यामुळे हाडं सत्तरीच्या बाईसारखी पोकळ. स्वतःच्या बीजाचं मूल होणार नाही. शिवाय हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी हवी त्यापेक्षा रुंद झालेली होती आणि रक्तदाब वाढलेला. ती वाहिनी दर वर्षी मोजायची, जड उचलायचं नाही.

तिनं एकच विचारलं, आता उंची वाढेल का.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाही. त्याची इंजेक्शनं लहानपणी देतात. तेव्हा कुणी तपासलं नव्हतं का?

घरी आई शेंगा सोलत बसली होती. ही समोर बसली, प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन.

"तुला माहीत होतं?"

"काय माहीत होतं? डॉक्टर काय, शंभर गोष्टी सांगतात."

"मी तेरा वर्षांची असताना तू मला एका मोठ्या दवाखान्यात नेलं होतंस. तिथे पांढऱ्या उंदराचं चित्र होतं भिंतीवर. परत कधी गेलो नाही."

आईनं शेंगेतला किडका दाणा बाजूला काढला. "ते म्हणाले, मुलीत एक कमी आहे. एक काय ते मला कळलं नाही. तुला सांगून काय करणार होते? तेव्हा तू लहान होतीस. मग दादाचं जमत होतं. मग तुझं बघत होतो. सांगायला मधे वेळ कुठे मिळाला?"

थोड्या वेळानं तिनंही एका हातानं शेंगा सोलायला घेतल्या.

गोळ्या तीन प्रकारच्या होत्या. हाडांसाठी खडूच्या चवीची मोठी गोळी. हार्मोनची बारीक, गुलाबी. आणि रक्तदाबाची पांढरी, जिच्याबद्दल डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की हिच्यात हयगय चालणार नाही. बटणं ठेवायची खणांची प्लास्टिकची डबी असते, तसली एक तिनं कारखान्यातून मागून आणली आणि तिच्यात गोळ्या लावल्या. मनगट जुळलं. ती कामावर परतली. तागे उतरवायचं काम तिला कुणी सांगत नव्हतंच. आता तिनं आपणहूनही सोडलं.

काही महिन्यांनी स्टुलावर उभी असताना छातीत उजव्या बाजूला टोचलं. तिला वाटलं, नमुन्यात मास्तरांची टाचणी राहिली. पडद्यामागे जाऊन तिनं फ्रॉक उलटा करून शिवण न् शिवण चाचपली. टाचणी नव्हती. घरी न्हाणीघरात तिनं कडी लावून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. तिथल्या आरशात तिला फक्त कपाळ दिसायचं. ती बादली पालथी घालून तिच्यावर चढली. जे दिसलं ते फार नव्हतं. तरी ती बराच वेळ बादलीवर उभी होती, वहिनीनं दारावर थाप मारेपर्यंत.

पुढचा नमुना छातीत ओढला. मास्तरांनी चिमटीत कापड धरून पाहिलं, भुवया आक्रसल्या आणि म्हणाले, "कापड आटलेलं दिसतंय. या गिरणीचं कापड असंच, धुवून घेतल्याशिवाय भरवसा नाही." त्यांनी साचा छातीत सुताभर सोडला. नंतरच्या नमुन्याला पुन्हा सुताभर. तेवढा वेळ ती हात वर करून सरळ समोर बघत होती. सांगायचं तर काय सांगायचं, आणि कोणत्या तोंडानं? या माणसानं पंधरा वर्षं तिच्या अंगावर टाचण्या लावल्या होत्या आणि एकदाही तिच्याकडे बाई म्हणून पाहिलं नव्हतं. म्हणून तर ती इतकी निर्धास्त उभी राहायची. शिवाय सांगितलं की स्टूल गेलं. स्टूल गेलं की ती काज-बटणाच्या रांगेतली एक, आणि त्या रांगेत तिच्यापेक्षा चपळ हाताच्या चौघी होत्या. "काचतंय का कुठे?" मास्तर विचारायचे. "नाही," ती सांगायची.

मग शाळा सुरू व्हायच्या आधीची घाई आली. एका मोठ्या शाळेचे मुलींचे पिनाफोर, सगळी मापं. बाराचा साचा तिच्यावर बसला, त्याच्यातून बाकीचे निघाले, कापड थरावर थर रचून कापलं गेलं. माल गेला आणि पंधरवड्याच्या आत पोत्यांत भरून परत आला. शाळेच्या बाईंनी निरोप पाठवला होता की गणवेश मागवले होते, तंबू नव्हते.

मालकीणबाईंनी आपल्या बहिणीच्या मुलीला आणवलं. ती खरोखरच बारा वर्षांची होती. स्टुलावर उभी राहून ती च्युइंगम चघळत होती आणि पिनाफोर तिच्या छातीवर दोन्हीकडून पिशवीसारखा लोंबत होता. "मावशी, यात माझी मैत्रीणपण येईल," ती म्हणाली. मशीनवरच्या बायका खाली मान घालून हसल्या. मास्तर हसले नाहीत. त्यांनी साचा मोजला, पुन्हा मोजला. मग टेपवरच संशय घेऊन दुसऱ्या दोन टेपा मागवल्या आणि तिन्ही टेबलावर शेजारी-शेजारी अंथरून आकडे ताडून पाहिले. बारा नंबरवर त्यांना संशय आला नाही. तो त्यांना येऊच शकत नव्हता.

मालकीणबाई आवाज चढवणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी मास्तरांना आत बोलावून चहा दिला आणि सांगितलं की नजर काय, सगळ्यांचीच जाते. आता विश्रांती घ्या. कॉम्प्युटरवर साचे काढणारा एक जण त्यांनी पाहून ठेवला होता. हा हंगाम झाला की तो येईल. मास्तर बाहेर आले ते चष्मा पुसत. दिवसभर पुसत होते.

त्या संध्याकाळी तिनं गोळ्यांची डबी कपाटाच्या मागच्या फटीत टाकून दिली. तिचा हिशेब साधा होता. गोळ्यांनी अंग सुटलं, गोळ्या थांबल्या की आटेल. परत आलेल्या मालाच्या जागी नवा कापायचा होता, त्याचा साचा तिच्यावर नीट बसला तर मास्तरांची नजर शाबूत ठरेल, स्टूलही राहील आणि कुणाला काही सांगावं लागणार नाही. गुलाबी गोळी एकटीच काढून टाकायची हे तिला सुचलं नाही. औषध बंद म्हणजे तिच्या लेखी सगळंच बंद. पांढरीसुद्धा.

अंग आटलं नाही. डोकं मात्र मागून दुखायला लागलं, आणि जिना चढताना मधल्या वळणावर थांबावं लागे. काकू दारातून विचारायच्या, काय गं, बरं नाही का? ती म्हणायची, दमले जरा.

साचा नव्यानं पारखायचा दिवस आला. मास्तरांनी हाक मारली, पण नेहमीच्या अर्ध्या आवाजात. ती स्टुलावर चढली. छाती ओढतच होती. मास्तरांचा हात खडू धरून तिथे थांबला. तेवढ्यात तिच्या डोळ्यांपुढे काळं आलं. तिनं मास्तरांचा खांदा धरला आणि स्टुलावरच खाली बसली.

"उपाशी आलीस ना?" मास्तर म्हणाले. त्यांनी स्वतःचा पाण्याचा तांब्या तिच्यापुढे धरला. मग कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, "मला तर छातीत पुन्हा कापड कमीच दिसतंय गं. तूच सांग, कुठे चुकतोय मी. नजर खरंच गेली का माझी?"

ते तिच्या उजव्या कानाशी बोलत होते.

"नजर ठीक आहे तुमची," ती म्हणाली. "माप बदललंय."

"कुठलं माप?"

"माझं."

मास्तरांना समजेना. तेव्हा तिनं सांगितलं. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशी ती जरा मोठ्यानंच बोलत होती. आपल्याला जन्मापासून एक आजार आहे. त्यामुळे वाढ झाली नाही. आता औषध चालू केलं म्हणून छाती येतेय. जवळचं मशीन थांबलं, मग त्याच्या पलीकडचं.

"तुम्ही साचा सोडत होतात तेव्हा मला माहीत होतं," ती म्हणाली. "कापड आटलं नव्हतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर मला इथून खाली उतरवलं असतं."

ओव्हरलॉक मशीनवरच्या जाड बाईनं धागा दातानं तोडला. "अगं बाई, आम्ही काय आभाळात बसलोय का? आम्हीपण खालीच आहोत." पण ती थट्टा करत नव्हती, आणि कुणी हसलंही नाही.

मास्तरांनी खडू टेबलावर ठेवला. मग दोन पावलं मागे सरले, मान दुसरीकडे वळवून म्हणाले, "तुम्ही उतरा खाली. सावकाश." पंधरा वर्षांत त्यांनी तिला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. पडद्यामागे जाऊन तिनं नमुना उतरवला, घडी घातली आणि टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला. तो त्यांनी तिच्या हातातून घेतला नाही.

मालकीणबाईंनी दोघांचंही ऐकून घेतलं. नजरेबद्दल बोललेलं त्यांनी मागे घेतलं, विश्रांतीबद्दलचं नाही. कॉम्प्युटरवाल्याला शब्द दिलेला होता. पुढच्या आठवड्यात फायबरचा एक पुतळा आला, बारा नंबरचा, डोक्याच्या जागी लाकडी गोळा असलेला. तो स्टुलाशेजारी उभा केला गेला आणि स्टूल ओव्हरलॉकवाल्या बाईनं पाय ठेवायला घेतलं. पुतळ्यावर पिनाफोर चांगला बसला. माल गेला आणि परत आला नाही. हाक मारायचं काम उरलं नाही म्हणून बारा नंबर हे नावही हळूहळू मागे पडलं. बायका तिला अगं, ए, म्हणू लागल्या.

ती दवाखान्यात गेली ती डोकं दुखायचं थांबेना म्हणून. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब घेतला, पट्टा सोडला, पुन्हा घेतला. गोळ्या किती दिवस बंद आहेत हे त्यांनी विचारून कागदावर लिहून घेतलं. हृदयाची सोनोग्राफी पुन्हा झाली. वाहिनी आणखी रुंद झाली होती. गोळ्या सोडल्यानंच झाली असं मी म्हणणार नाही, त्या म्हणाल्या, कदाचित आपोआपही झाली असती. पण आता वाट बघण्यात अर्थ नाही. ती फाटली तर दवाखान्यापर्यंत पोचायलाही वेळ मिळत नाही. त्यांनी मोठ्या दवाखान्यातल्या सर्जनचं नाव दिलं. छाती उघडून तेवढा तुकडा बदलावा लागणार होता. ऑपरेशनमध्येही धोका होता, आणि तो त्यांनी लपवला नाही.

कारखान्यातली एक बाई काकूंच्या भाचीच्या शेजारी राहत होती. त्यामुळे इमारतीला सगळं कळलं होतं, थोडं वाढवूनच. तरी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आई पातळ पांढरी पिशवी घेऊन चपला घालू लागली.

"आई, काकूंना कळलंय."

"कळू दे," आई म्हणाली. "आज टाकलं नाही तर त्या म्हणतील, खरंच होतं."

ती डब्यापर्यंत जाऊन आली, हात धुतले, पदराला पुसले आणि मुलीसमोर बसली. ऑपरेशनबद्दल तिला सकाळीच सांगितलं होतं.

"छाती उघडतात म्हणजे कुठून?"

मुलीनं गळ्याच्या खळगीपासून खाली बोट ओढून दाखवलं.

"टाके बाहेरून दिसणार?"

"दिसणार."

आई विचारात पडली. "मग बंद गळ्याचे दोन कपडे शिवून घे आधीच. नंतर हात वर होतात न होतात."

मुलीनं कपाटातून टेप काढली. आजवर ती मुलींच्या दुकानातले तयार कपडेच घालत आली होती, त्यामुळे स्वतःचं माप तिनं कधी घेतलं नव्हतं. टेप पाठीमागून फिरवताना ती घसरायला लागली, तेव्हा आई उठली आणि मागून तिनं टेप धरली.

"घट्ट धरू?"

"नको," ती म्हणाली. "बोटभर सैल धर. अजून बदलेल."

तिनं मघाच पांढरी गोळी घेतली होती. गुलाबीही.